यात नीती कुठे आहे?

मिरजगावात विषय धर्माचा निघो की निवडणुकीचा, गाडी शेवटी मुलींवरच येते. कोण कुणाबरोबर दिसली? त्याची जात कोणती, धर्म कोणता? मी सॉफ्टवेअरवाला. ज्या नियमात आडनाव बदललं की उत्तर बदलतं, त्याला मी नीती म्हणणार नाही. ती राखणदारी आहे.

शेजारच्या जामखेड तालुक्यात, खर्ड्यात, २८ एप्रिल २०१४ला १७ वर्षांच्या दलित मुलाला मारून झाडाला लटकवलं. मराठा मुलीशी बोलतो, हा संशय. पुढे साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मुलगी कुणाशी बोलते हे गावाला दिसतं, खून दिसत नाही.

सरकारचंही तेच. डिसेंबर २०२२मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती ठेवायला समिती काढली. टीका झाल्यावर दोनच दिवसांत 'आंतरजातीय' गाळलं, 'आंतरधर्मीय' ठेवलं.

"पण मुली फसवल्या जातात!" फसवणूक गुन्हाच आहे, फसवणारा जातीतला असला तरी. मग हुंड्यासाठी फसवणाऱ्यांची यादी कुणी का करत नाही? सज्ञान बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती कायदा आजही बलात्कार मानत नाही, त्यावर हे संस्कृतीरक्षक गप्प का?

दोघं सज्ञान आहेत का? दोघांची मर्जी आहे का? एवढं विचारा. आडनाव विचारू नका.