कुलूप ओढून पाहणार कोण?

गावाला निघताना आपण घराला कुलूप लावतो, किल्ली पिशवीत टाकतो आणि तरीही दोन पायऱ्या उतरल्यावर मागे फिरून ते कुलूप एकदा ओढून पाहतो. मुले हसतात, पण आजी मात्र कुलूप ओढून पाहिल्याशिवाय रिक्षात बसत नाही. कुलूप लागलेले दिसणे वेगळे आणि लागलेले असणे वेगळे, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. अमेरिकेतल्या एका मोठ्या तुरुंगाला हेच शहाणपण फार उशिरा सुचले.

अ‍ॅरिझोना राज्यातल्या लुईस तुरुंगातली काही चित्रफीत एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने दाखवली. बंद समजल्या जाणाऱ्या कोठड्यांची दारे उघडून कैदी खुशाल बाहेर येत होते. एकमेकांवर आणि पहारेकऱ्यांवर तुटून पडत होते. गव्हर्नर डग ड्यूसी यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निवृत्त न्यायमूर्तींकडे चौकशी सोपवली. कुलुपांतला दोष वरिष्ठांना वर्षानुवर्षे माहीत होता, हे त्यातून समोर आले. राज्याचे तुरुंगप्रमुख त्याच वर्षी निवृत्त झाले. तात्पुरता उपाय म्हणून दारांना बाहेरून साधी कुलुपे लावण्याची वेळ आली, आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला : आग लागली तर ही सगळी कुलुपे एकेक करून उघडणार कोण?

हे घडते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या तुरुंगांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून हिंडण्याऐवजी विजेवर चालणारी कुलुपे बसवली. नियंत्रण कक्षातल्या शिपायाने खटका दाबला, की दारातली छोटी मोटर किंवा विद्युतचुंबक लोखंडी अडसर मागे ओढतो. दार लागले, की कुलपातले एक छोटे बटण दाबले जाते आणि कक्षातला दिवा ‘बंद’ असे सांगतो. कल्पना चांगली होती; तिने शिपायाचे श्रम आणि धोका दोन्ही कमी केले. पण ही यंत्रे दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षे चालतात. स्प्रिंगा ढिल्या होतात, चौकट कलते, दार आपटून आपटून अडसर झिजतो. अडसराच्या खाचेत कागदाचा बोळा, साबण किंवा चिंधी कोंबली, की अडसर पुरता बसत नाही, पण दिवा मात्र ‘बंद’ म्हणत राहतो. कुलूप जुने झाले, की सुटे भाग मिळत नाहीत. मग मेकॅनिक एका कोठडीचे कुलूप मोडून दुसरीचे दुरुस्त करतो. शेवटी शिपायांचा दिव्यावरचा विश्वास उडतो, आणि तरीही काम त्याच दिव्याच्या भरवशावर चालू राहते.

‘गुन्हेगारांच्या कुलपांवर कशाला खर्च करायचा? तेवढ्या पैशांत शाळा बांधा,’ असे कुणीही म्हणेल. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. सरकारी तिजोरीला तळ असतो. पण नादुरुस्त कुलपाची किंमत आधी मोजतो तो रात्रपाळीचा शिपाई, आणि त्यालाही आपल्यासारखीच घरी वाट पाहणारी माणसे असतात. त्यानंतर मोजतो तो दुबळा कैदी, ज्याला बंद दाराचाच काय तो आधार असतो. शिवाय आत असलेला प्रत्येक जण गुन्हेगार ठरलेला नसतो. आपल्या देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश बंदी खटल्याचा निकाल न लागलेले आहेत.

कुलूप लागले नाही तर काय होते, हे लुईसने दाखवले. वेळेवर उघडले नाही तर काय होते, याची उदाहरणे त्याहून भीषण आहेत. २१ एप्रिल १९३० रोजी ओहायोच्या तुरुंगाला आग लागली. दीड हजारांची सोय असलेल्या त्या इमारतीत सुमारे ४,३०० कैदी होते. किल्ल्यांनी एकेक कोठडी उघडेपर्यंत धूर पसरला आणि ३२२ माणसे मेली. २००५ च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात पाणी शिरले, वीज गेली, जनरेटर बंद पडले. छातीएवढ्या पाण्यात, कुलूपबंद कोठड्यांत आपण अडकलो होतो, असे अनेक कैद्यांनी नंतर सांगितले. होन्डुरासमधल्या कोमायाग्वा तुरुंगात १४ फेब्रुवारी २०१२ च्या रात्री आग लागली तेव्हा दारे वेळेवर उघडली गेली नाहीत. साडेतीनशेहून अधिक जण गेले. त्या तुरुंगातल्या निम्म्याहून अधिक बंद्यांवर गुन्हा सिद्धही झालेला नव्हता.

म्हणून जुनी कुलुपे बदलायलाच हवीत. पण खटक्याच्या जागी संगणकाचा पडदा आणला म्हणजे काम संपले, असे मानणे ही जुनीच चूक नव्या रूपात करणे होय. नव्या कुलपाला तीन प्रश्न विचारावेत. वीज गेली तर ते हाताने, कोठडीत न शिरता, उघडता येते का? एका ओळीतली सगळी दारे एकाच वेळी उघडता येतात का? आणि दहा वर्षांनी याचे सुटे भाग कोण देणार? तिसरा प्रश्न निविदा उघडताना कुणी विचारत नाही. उद्घाटनाला फीत कापायला पाहुणे येतात. तेलपाण्यासाठी, दुरुस्तीसाठी तरतूद करताना सगळ्यांचे हात आखडतात.

आपल्याकडच्या तुरुंगांत अजून बहुतांशी साधी, हातानेच लावायची कुलुपे आहेत. संध्याकाळी गणती होते, बराकींना कुलुपे लागतात, सकाळी उघडतात. विजेच्या कुलपांचे दुखणे आपल्याला नाही. पण ओहायोतले दुखणे आहे. क्षमतेपेक्षा जास्त माणसे आत, आणि किल्ल्या मोजक्या हातांत. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले, तेव्हा देश हळहळला. तो तुरुंग नव्हता. पण तिथेही बांधणाऱ्याने सोडवण्याची व्यवस्था केलेली नव्हती. केंद्राने २०२३ साली तयार केलेल्या आदर्श कारागृह कायद्यात तंत्रज्ञानावर भर आहे. उद्या आपल्याकडे नवी कारागृहे बांधताना विजेची कुलुपे येतीलच. ती जरूर यावीत. मात्र त्यांच्यासोबत दुरुस्तीचा पैसा, हाताने उघडण्याची सोय आणि आग लागल्यास काय करायचे याचा नेमाने सराव, हे सगळे पहिल्या दिवसापासून कागदावर असावे. आणि बाहेरच्या एखाद्या तपासनिसाने ते वर्षातून निदान एकदा, दिव्याकडे न पाहता, स्वतःच्या हाताने तपासावे.

माणसाला कोंडण्याचा अधिकार आपण सरकारला दिला आहे. आत कोंडलेल्याच्या हाती किल्ली नसते. म्हणून ते दार नीट लागेल आणि संकटात नक्की उघडेल, याची जबाबदारी बाहेरच्यांवर, म्हणजे शेवटी आपल्यावर येते. घराचे कुलूप ओढून पाहायला आजी असते. तुरुंगाचे कुलूप ओढून पाहणारे कुणी आहे का, हे आपण निदान विचारायला तरी हवे.