मावा पिकावरचा आणि तोंडातला

२२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दंतमंजनावरचा १२ चा ५ झाला. निर्णय चांगलाच आहे. घरात पाच-सहा माणसं असली की पेस्टचाही खर्च जाणवतो. पण पेस्ट स्वस्त झाली म्हणून खेड्यातली तोंडं निरोगी होतील असं समजणं म्हणजे नुसता युरिया टाकून कीड जाईल असं समजण्यासारखं आहे. आपल्याकडचं खरं दुखणं पेस्टच्या किमतीत नाही, तंबाखूत आहे.

आकडे काय सांगतात?

२०१६-१७ साली देशभर प्रौढांमधील तंबाखूसेवनाची पाहणी झाली. पंधरा वर्षांवरील २८.६ टक्के भारतीय कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात, असं त्यात आढळलं. महाराष्ट्राचा आकडा २६.६ टक्के होता. २००९-१० च्या पाहणीत तो ३१.४ होता, म्हणजे थोडी घट झाली हे मान्य केलं पाहिजे. पण पुढचा तपशील महत्त्वाचा आहे. राज्यात विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर तोंडात तंबाखू धरणारे, चघळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के. स्त्रियांतही शंभरात सतरा जणी तंबाखूच्या आहारी आहेत. आपल्याकडे धूर कमी आणि तोंडातली तंबाखू जास्त, असं हे चित्र आहे. त्याची किंमतही तोंडच मोजतं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. जगातल्या अशा दर तीन रुग्णांत एकाहून अधिक आपला आहे.

कायदा चुलीपर्यंत पोचत नाही

तंबाखू घातलेली पेस्ट आणि दंतमंजन यांवर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. २०१२ मध्ये राज्याने गुटखा बंद केला. पण मिश्रीला कारखाना लागत नाही, दुकानाची पाटीही लागत नाही. तंबाखू आणायची, तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि डबीत भरायची. हे काम घराघरांत चुलीवर होतं. तिथं छापा कोण घालणार?

एका गावात खरिपाच्या बैठकीनंतर एक मावशी म्हणाल्या, "साहेब, मिश्री लावल्याबिगर पोट साफ होत नाही, आन् दातबी ठणकतो." मावशी खोटं बोलत नव्हत्या. मिश्रीतलं निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, त्याची शरीराला सवय लागते आणि ते मिळालं नाही की चैन पडत नाही. हिरडी थोडा वेळ बधिर होते, म्हणून ठणका थांबल्यासारखा वाटतो. आत मात्र हिरडी मागं सरकत असते आणि दात मुळापासून सैल होत असतो. ठणका वाढला की मिश्री वाढते, मिश्री वाढली की ठणका. सकाळी एकदा लावणारी बाई पुढं दिवसातून चार-पाच वेळा लावायला लागते. गरोदरपणीही ती सुटत नाही आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो.

पुरुषांचा मावा वेगळा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला. विदर्भात त्यालाच खर्रा म्हणतात. यातली नुसती सुपारीसुद्धा निरुपद्रवी नाही. तिनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. पुढं तिखट भाकरीचा घास घेणंही जड जातं.

आपल्या शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. कपाशीवर, भाजीपाल्यावर मावा पडला की जुनी माणसं तंबाखूचा काढा करून फवारत. ज्या काढ्यानं किडे मरतात, त्याच पानाची पूड आपण दिवसभर ओठात धरतो. याचा विचार कोण करतं?

मजुरीबरोबर तंबाखू

यात एक बाजू शेतमालकांचीही आहे. खुरपणी असो की सोंगणी, मजुरीवर चहा-तंबाखू देण्याची रीत अनेक गावांत आहे. तंबाखूनं भूक मरते आणि माणूस उन्हात रेटून काम करतो. म्हणजे मजुराच्या पोटाची भूक आपण पुडीवर भागवतो, हे कडू असलं तरी खरं आहे. ज्या शेतात चहाबरोबर तंबाखूऐवजी मूठभर शेंगदाणे-गूळ दिला जाईल, तिथं काम काही अडणार नाही.

पैशाचा हिशेबही बघा. रोज २० रुपयांचा मावा धरला तर वर्षाला ७,३०० रुपये होतात. एकरभर सोयाबीनचं बियाणं आणि खत त्यात बसतं. हा खर्च आपण कुठल्याच वहीत मांडत नाही.

देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत, पण बहुतेक शहरात किंवा शहराजवळ. खेड्यातल्या माणसाला दात दाखवायचा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून तालुका गाठायचा. मग आधी लवंग, नंतर दुकानातली गोळी आणि शेवटी दात उपटणं, हाच क्रम चालतो. तिशीच्या पुढच्या सर्वांची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी करणं हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे. आशाताई आणि उपकेंद्र यांच्यामार्फत ती होऊ शकते. पण ती आपण मागतच नाही. ग्रामसभेत रस्ता, पाणी, पीकविमा यांवर भांडणं होतात. तोंडाची तपासणी गावात कधी झाली, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

काय करता येईल?

पिकावर रोग दिसतोय का हे बघायला आपण पान उलटून बघतो. तसंच महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात ओठ उलटून, गाल ताणून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा उभी तीन बोटं तोंडात न जाणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. ग्रामीण रुग्णालय गाठा. लवकर सापडलेला रोग बरा होण्याची आशा मोठी असते. सवय सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा फोन क्रमांक मोफत आहे.

दात घासायला ब्रश-पेस्ट असेल तर उत्तम. नसेल तर निंबाची मऊ चावलेली काडी चालेल. राखुंडी, विटेची पूड टाळा, त्यानं दाताचं कवच झिजतं. आणि मिश्रीची डबी? ती एकदम फेकवत नसेल तर आज एक वेळ कमी करा, पुढच्या आठवड्यात आणखी एक. मात्र घरातल्या लेकीच्या, सुनेच्या हाती ती जाऊ देऊ नका. पिढ्यान् पिढ्या चाललेली ही रीत तिथंच तुटू शकते.