डीपीएफ चोक झाला, पण दोष त्याचाच आहे का?

आज पिकाऐवजी गाडीबद्दल लिहितोय. कारण ऐन टोमॅटोच्या तोड्यात आमची पिकअप बसली.

गाडी बीएस-६. डीपीएफचा पिवळा दिवा चार दिवस लागत होता, मी कानाडोळा केला. पाचव्या दिवशी चढावर गाडीचा दमच गेला. क्रेट शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं नेले, तोवर लिलाव उरकलेला. पहिल्या गॅरेजवाल्यानं बोनेटही न उघडता दोन पर्याय दिले: नवीन फिल्टर टाका, नाहीतर आतली जाळी फोडून सॉफ्टवेअर बदलून देतो.

माझं मत स्पष्ट आहे. कारण सापडल्याशिवाय नवीन फिल्टर टाकू नका, आणि जाळी तर कधीच फोडू नका.

आपलं ठिबकच बघा. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमधला फरक वाढला की फिल्टर चोक, हे आपल्याला कळतं. बॅकवॉश देऊनही दर दोन दिवसांनी तेच झालं, तर आपण फिल्टर बदलत नाही, विहिरीत डोकावतो. डीपीएफचंही तसंच. एक्झॉस्टच्या लाईनमधली ही जाळी काजळी अडवते. सेन्सर दोन नळ्यांमधून दाबाचा फरक मोजतो. काजळी वाढली की गाडी जादा डिझेल वापरून जाळी ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. हा तिचा बॅकवॉश, म्हणजे रिजनरेशन.

हा बॅकवॉश पुरा होत नाही, तिथं घोळ होतो. शेतातून संकलन केंद्रापर्यंत पाच-सहा किलोमीटर, तिथं इंजिन चालू ठेवून रांगेत उभं राहायचं, परत घरी. एक्झॉस्ट पुरेसा तापतच नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिनही थंडच राहतं. दुसरीकडे, ईजीआर अडकलेला, इंजेक्टर गळका किंवा टर्बोचा पाइप फुटका असेल तर काजळीच जास्त तयार होते.

म्हणून मेकॅनिकला आधी स्कॅनर लावायला सांगा आणि आकडे विचारा. चावी चालू, इंजिन बंद असताना दाबाचा फरक शून्याच्या जवळ हवा. नसेल तर आधी सेन्सर आणि वायरिंग बघा. त्याच्या नळ्या फुटल्या किंवा तुंबल्या असतील तर इंजिन चालू असतानाचा आकडाही खोटाच येणार. मागचं रिजनरेशन कधी पुरं झालं तेही विचारा.

आमच्या गाडीत टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप क्लॅम्पजवळ चिरला होता. दाब दिला की शिट्टीसारखा आवाज यायचा, पाइपवर तेलाचा ओलावा होता. पाइप बदलला, स्कॅनरनं रिजनरेशन करून घेतलं, गाडी सुटली. फिल्टर जुनाच आहे.

ऑइलही तपासा. रिजनरेशन सारखं अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला. आणि ऑइल पुस्तिकेत लिहिलंय तेच, कमी राखेचं वापरा. काजळी जळते, राख जळत नाही, ती जाळीतच साठते. फिल्टर खरंच संपतो तो असा, पण त्याला बराच काळ जावा लागतो.

जाळी फोडली की गाडी पळते, हे खरं. पण ते बेकायदा आहे आणि मूळ बिघाड तसाच राहतो. वर तो काळा धूर क्रेट भरणाऱ्या आपल्याच माणसांच्या छातीत जातो.

शोरूमवाल्यांनाही एक सांगणं आहे. गाडी देताना हार घालता, पेढे देता, तेव्हाच या दिव्याबद्दल पाच मिनिटं बोला.

दिवा लागला तर पुस्तिकेप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग वीस-पंचवीस मिनिटं चालवा, मध्येच बंद करू नका. लाल दिवा लागला किंवा दम गेला तर मात्र ताणू नका. आणि रिजनरेशन चालू असताना गाडी पाचटावर किंवा कडब्याजवळ अजिबात उभी करू नका, एक्झॉस्ट आगीसारखा तापलेला असतो.

पान पिवळं दिसलं की आपण लगेच फवारत नाही, आधी मूळ उकरून बघतो. गाडीलाही तोच न्याय लावू या.