आपले ‘आहे’ आणि इंग्रजीतील ‘हॅव’



हैदराबाद शहरात कोठी नावाचा एक गजबजलेला भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश रेसिडेंटासाठी तेथे जो भव्य वाडा उभारण्यात आला, त्यावरून ह्या भागास हे नाव पडले. पुढे त्या वाड्यात स्त्रियांचे महाविद्यालय आले. १९२२ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालयही ह्याच परिसरात आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे येथे मराठी बोल ऐकू येणे नवलाचे नाही. जुन्या पुस्तकांच्या विक्रीसाठीही कोठी प्रसिद्ध आहे.

अशाच एका पुस्तकाच्या दुकानापुढे मराठवाड्यातील एक शेतकरी आपल्या मुलीसाठी इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक शोधीत होता. परिचारिकेच्या शिक्षणासाठी तिची दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. विचारपूस करता तिने आपली वही पुढे केली. पहिली दोन वाक्ये अशी होती: “आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स. माय फादर इज ओनिंग थ्री एकर्स ऑफ लँड.”

“फादर, मागं एका ठिकाणी मी असंच बोलले, तर सगळे हसले,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “तेव्हापासून इंग्रजीत तोंड उघडायचं म्हटलं की भीती वाटते.”

जी चूक तिची, तीच आपल्या गावोगावच्या मुलांची आहे. तिच्यामुळे हुशार मुले मुकी होतात. म्हणून ह्या आठवड्यात तिचा विचार करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, मराठीत ‘हॅव’ ह्या अर्थाचे क्रियापदच नाही. आपण ‘असणे’ ह्या एकाच क्रियापदावर काम भागवितो. मात्र त्याच्या आधीचा शब्द बदलतो. नातेवाईक व आजार ह्यांसाठी ‘मला’ म्हणतो: मला दोन बहिणी आहेत, मला ताप आहे. वस्तू व पैसा ह्यांसाठी ‘माझ्याजवळ’ किंवा ‘माझ्याकडे’ म्हणतो: माझ्याकडे छत्री आहे. गुणांसाठी ‘माझ्या अंगी’ म्हणतो: तिच्या अंगी धीर आहे. ‘मला दहा रुपये आहेत’ असे आपले पाच वर्षांचे लेकरूही म्हणणार नाही. कोणी न शिकविता त्यास हा भेद कळतो.

इंग्रज माणूस हे सारे ‘हॅव’ ह्या एकाच क्रियापदाने सांगतो. बहीण, ताप, छत्री, धीर, सर्वांस ‘हॅव’. तेव्हा त्याचे व्याकरण येथे आपल्याहून सोपेच आहे! हैदराबादच्या रस्त्यांवर आपल्या मराठीच्या शेजारी नांदणाऱ्या भाषांचीही रीत आपल्यासारखीच आहे. तेलुगू माणूस ‘नाकु इद्दरु चेल्लेळ्ळु उन्नारु’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘मला दोन धाकट्या बहिणी आहेत’. उर्दू बोलणारा ‘मेरी दो बहनें हैं’ म्हणतो. लॅटिनमध्ये तर दोन्ही रीती होत्या: ‘हाबेओ’ म्हणजे ‘हॅव’ आणि ‘मिही एस्त’ म्हणजे शब्दशः ‘मला आहे’. सबब, आपली रीत अडाण्याची आहे असे कोणी मानू नये.

आता चूक कोठे होते ते पाहू. मुलाच्या मनात ‘आहे’ असते. शाळेत ‘आहे’ म्हणजे ‘इज’, ‘ॲम’ किंवा ‘आर’ असे त्याने पाठ केलेले असते. मग ‘हॅव’ची आठवण होते आणि दोहोंची मोट बांधून तो ‘ॲम हॅविंग’ म्हणतो. परंतु इंग्रजीत ‘-इंग’चे हे रूप चालू असलेल्या क्रियेचे आहे, आणि बहीण असणे ही क्रिया नव्हे, ती स्थिती होय. ह्याची कसोटी मराठीतच आहे. ‘मला दोन बहिणी असत आहेत’ असे आपण म्हणतो काय? कधीच नाही. जेथे मराठीत ‘असत आहे’ म्हणवत नाही, तेथे इंग्रजीतही ‘हॅविंग’ म्हणू नये. ‘आय हॅव टू सिस्टर्स’ एवढेच पुरे.

मात्र ‘वी आर हॅविंग डिनर’ हे वाक्य शुद्ध आहे. तेथे ‘हॅव’चा अर्थ मालकी नसून जेवणे असा आहे, आणि ‘आम्ही जेवत आहोत’ असे मराठीतही म्हणता येते. कसोटी तीच राहिली.

रूपे थोडीच आहेत. आय, यू, वी, दे ह्यांच्यापुढे ‘हॅव’. ही, शी, इट किंवा एका व्यक्तीचे नाव असेल तर ‘हॅज’. भूतकाळी सर्वांस ‘हॅड’. प्रश्नात मात्र जपावे. ‘डज शी हॅज अ ब्रदर?’ हे अशुद्ध होय. ‘डज शी हॅव अ ब्रदर?’ हे शुद्ध. एकवचनाची खूण ‘डज’ने आधीच अंगावर घेतली, मग ती पुन्हा कशास? नकारातही तसेच: ‘शी डज नॉट हॅव अ ब्रदर.’

आता मुलीच्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. तिचा बाप शेजारीच उभा होता. वाक्याचा अर्थ सांगताच तो संकोचून म्हणाला, “तीन एकर कसतो खरं, फादर, पण आपली एकच. बाकीची दोन बटईनं.”

व्याकरणाची चूक एका अक्षराची असते. ही चूक त्याहून मोठी होती, आणि मुलीस तिची कल्पनाही नव्हती. ‘हॅव’ हा सैल शब्द आहे. मागून आणलेली छत्रीही हाती असेल तर ‘आय हॅव ॲन अंब्रेला’ म्हणता येते. ‘ओन’ हा तसा नव्हे. ‘ओन’ म्हणजे मालकी, सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याची. ‘पझेस’ म्हणजे जवळ बाळगणे; तो शब्द अधिक औपचारिक आहे. ‘बिलाँग’ची वाक्यरचना आपल्याला जवळची वाटेल, कारण तेथे वस्तू आधी व धनी मागून येतो: ‘धिस फील्ड बिलाँग्स टू माय अंकल’, म्हणजे ‘हे शेत माझ्या काकांचे आहे’. ह्यांपैकी कोणासही मालकीच्या अर्थी ‘-इंग’ लावीत नाहीत. एखाद्या अर्जावर आपल्या घरापुढे किंवा जमिनीपुढे ‘ओन’ लिहिण्यापूर्वी मात्र वडीलधाऱ्यांस विचारावे. परक्या भाषेत अजाणता लिहिलेले असत्यही कागदावर असत्यच ठरते.

तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून तिने वाक्य नव्याने लिहिले: “माय फादर ओन्स वन एकर ॲन्ड फार्म्स टू मोअर ऑन शेअर्स.” बापास त्याचा अर्थ सांगितला. “आता बरोबर झालं,” तो म्हणाला. इंग्रजीचे अक्षरही न जाणणाऱ्या त्या गृहस्थानेच वाक्य तपासले, असे म्हणावयास हरकत नाही.

भाषेचा हा पूल पलीकडच्या बाजूने ओलांडणारेही होऊन गेले. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांच्या जन्मभाषेत ‘हॅव’ होते. ‘मला’ आणि ‘माझ्याजवळ’ ह्यांतील भेद त्यांस मुळापासून शिकावा लागला असेल. पुढे त्यांनी मराठीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम छापले गेले. शिकता शिकता त्यांच्याही चुका झाल्याच असतील. म्हणून आपल्या लेकरांच्या चुकीस कोणी हसू नये, आणि कोणी हसलेच तर लेकरांनी मुके होऊ नये.

ह्या आठवड्याचा अभ्यास: रात्री जेवणे आटोपल्यावर मुलांकडून पाच वाक्ये म्हणवून घ्यावीत. एक नात्याचे, एक आजाराचे, एक वस्तूचे, एक गुणाचे व एक जमिनीचे किंवा घराचे. आधी मराठीत म्हणावे, मग इंग्रजीत. इंग्रजी न येणाऱ्या आईबापांनीही जवळ बसावे. वाक्य शुद्ध आहे की नाही हे पुस्तक सांगेल. ते खरे आहे की नाही हे त्यांनाच ठाऊक असते.