सक्ती आधी रुग्णालयावर

रुग्णालयात काम करणाऱ्यांना लस सक्तीची असावी की नसावी, हा वाद कोविड ओसरला तसा विरून गेला असं समजलं जातं. प्रत्यक्षात तो फक्त वर्तमानपत्रांतून गेला. नव्या सिस्टरला रुजू करून घेताना आजही लसीचा दाखला मागितला जातो, फ्लूच्या दिवसांत परिपत्रकं निघतात, आणि तेच दोन गट पुन्हा समोरासमोर येतात. एक म्हणतो, शरीर माझं आहे, त्यात काय टोचायचं ते ठरवणारे तुम्ही कोण? दुसरा म्हणतो, रुग्णाच्या जिवाशी खेळ नको. ज्याला लस नको त्यानं दुसरी नोकरी बघावी.

लस समोर ठेवलेली आहे आणि कर्मचारी ती नाकारतो आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. लस नाकारणारे मी पाहिले. पण लस मिळावी म्हणून वाट पाहिलेले आणि ती कधीच न मिळालेले त्याहून पुष्कळ पाहिले. म्हणून माझं म्हणणं आधीच मांडते. आरोग्यसेवेतली लसीकरणाची पहिली सक्ती रुग्णालयावर आहे. ती कायद्यानंच आहे. ज्या व्यवस्थापनानं ती पाळलेली नाही, त्यानं कर्मचाऱ्याला सक्तीचं पत्र देऊ नये.

‘शरीर माझं’ म्हणणाऱ्यांच्या हातात एक निकाल असतो: जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार, 2 मे 2022. न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठानं त्यात सांगितलं की शारीरिक स्वायत्ततेला घटनेच्या 21 व्या अनुच्छेदाचं संरक्षण आहे आणि कोणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही. एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच निकालात पुढे असंही म्हटलं आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारला व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालता येतात. मात्र त्या मर्यादा तपासून घेतल्या जातील. त्यामागे कायदा हवा, खरी गरज हवी, आणि घातलेलं बंधन गरजेच्या प्रमाणात हवं. राज्यांनी कोविड लसीच्या अटी घातल्या होत्या, त्या या प्रमाणाच्या कसोटीवर अडल्या. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग पसरतो, हे दाखवणारी माहिती सरकारनं न्यायालयापुढे ठेवलीच नाही. म्हणून, संसर्ग कमी आहे तोवर अशा अटींचा फेरविचार करा, असं न्यायालयानं सुचवलं, आणि त्यात खासगी संस्थाही आल्या.

म्हणजे तो निकाल एका लसीबद्दल, एका काळातल्या पुराव्याबद्दल आहे. तो गोवराच्या लसीपुढे किंवा डांग्या खोकल्याच्या लसीपुढे धरता येत नाही. आपल्याकडे गोवराची पहिली लस बाळाला नवव्या महिन्यात मिळते. त्याआधी ते बाळ आईकडून आलेल्या थोड्याशा प्रतिकारशक्तीवर आणि भोवतालच्या माणसांवर अवलंबून असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ तर आईकडून आलेलं तेवढंही नसतं. नवजात शिशू विभागात मी वॉर्मरवर वाकते, नाकातली नळी सरकवते, बाळाला आईच्या छातीशी लावून देते, तेव्हा माझ्या श्वासाचा प्रश्न माझ्यापुरता उरत नाही. तिथे काम करायचं तर गोवराची प्रतिकारशक्ती असली पाहिजे, ही अट मला पूर्ण न्याय्य वाटते. स्वायत्ततेचा हक्क खरा आहे. पण त्या काचेपलीकडे झोपलेल्या जिवालाही हक्क आहे, आणि त्याला बोलता येत नाही.

आता दुसरा गट, ‘घ्या नाहीतर जा’ म्हणणारा. हा गट मला जास्त काळजीत टाकतो, कारण सत्ता त्याच्याकडे आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या मेथडिस्ट रुग्णालयानं 2021 मध्ये कोविड लस सक्तीची केली. जूनपर्यंत 153 जण राजीनामा देऊन किंवा काढून टाकल्यामुळे बाहेर पडले. पुढे जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारी पैसा घेणाऱ्या आरोग्यसंस्थांपुरती ही सक्ती पाच विरुद्ध चार मतांनी चालू राहू दिली, आणि त्याच दिवशी इतर मोठ्या कंपन्यांसाठीचा लस-किंवा-चाचणीचा नियम रोखला. आपल्याकडचे व्यवस्थापक यातला पहिला भाग आवडीनं सांगतात.

इंग्लंडचं ते सांगत नाहीत. तिथे 11 नोव्हेंबर 2021 पासून वृद्धाश्रम आणि शुश्रूषागृहांतल्या कर्मचाऱ्यांना कोविड लस सक्तीची झाली. यामुळे सुमारे 40 हजार माणसं कामाला मुकतील, असा सरकारचा स्वतःचाच अंदाज होता. आधीच माणसं कमी, त्यात ही गळती. एप्रिल 2022 पासून हीच सक्ती राष्ट्रीय आरोग्यसेवेतल्या डॉक्टर-परिचारिकांना लागू व्हायची होती. 31 जानेवारीला सरकारनं माघार जाहीर केली आणि 15 मार्चला शुश्रूषागृहांचा नियमही रद्द झाला. कारण देताना म्हटलं गेलं की ओमायक्रॉन तुलनेनं सौम्य आहे. पण नोकरी सोडून गेलेल्या आयाबाई काही नियम रद्द झाला म्हणून परत आल्या नाहीत. ज्या म्हाताऱ्यांच्या रक्षणासाठी नियम केला, त्यांनाच कूस बदलून द्यायला रात्री एक माणूस कमी पडला असेल, तर त्या नियमानं कोणाचं रक्षण केलं?

कॅनडातल्या ओंटारियोत फ्लूवरून असाच वाद झाला. लस घ्या, नाहीतर संपूर्ण हंगामभर मास्क लावा, असा काही रुग्णालयांचा नियम होता. परिचारिकांची संघटना लवादाकडे गेली. 2015 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये लवादानं पुरावा तपासून हा नियम अवाजवी ठरवला. त्या परिचारिका लसीच्या विरोधात नव्हत्या. आमच्यावर लादता आहात त्याचा रुग्णाला किती फायदा होतो ते दाखवा, एवढंच त्यांनी विचारलं. प्रत्येक सक्तीपुढे हाच प्रश्न ठेवला पाहिजे: ही लस कोणाला वाचवते, घेणाऱ्याला की समोरच्याला? समोरच्याला वाचवत असेल, तर किती?

हा प्रश्न विचारला की आपल्या रुग्णालयांतल्या सर्वांत महत्त्वाच्या लसीपाशी येऊन थांबावं लागतं. ती म्हणजे हिपॅटायटीस बी ची लस. वॉर्डाच्या भाषेत, काविळीचं इंजेक्शन. ही लस मुख्यतः घेणाऱ्यालाच वाचवते, आणि ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना ती विचारलीही जात नाही.

एके ठिकाणी रात्रपाळी संपताना पाहिलेलं सांगते. सुई पांढऱ्या, टोचता न येणाऱ्या डब्यात गेली पाहिजे, हे भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं. कोणीतरी घाईत ती कापसासकट पिवळ्या पिशवीत टाकली होती. मावशींनी गाठ मारण्यासाठी पिशवी तळव्यानं दाबली आणि हात झटकन मागे घेतला. पातळ ग्लोव्ह काढला, तर अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचा थेंब. मी त्यांना नळाखाली हात धरायला लावला, साबण लावला. म्हटलं, “मावशी, चला कॅज्युअल्टीत. रक्त द्यायला हवं, नोंद करायला हवी.” त्या म्हणाल्या, “नको हो सिस्टर. मुकादमाला कळलं तर उद्यापासून येऊ नको म्हणेल.” मी विचारलं, “काविळीचं इंजेक्शन घेतलंय का?” त्यावर त्या म्हणाल्या, “कुणी दिलं तर घेईन ना.”

ती सुई कोणत्या रुग्णाची, ते शोधायला मार्ग नव्हता. एचआयव्हीबाधित सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के असते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटीस बी बाधित सुई टोचली तर ती 6 ते 30 टक्के असते. हा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस तग धरतो. तरी वॉर्डात एचआयव्हीची भीती सगळ्यांना आणि काविळीची कोणालाच नाही. बालकांच्या लसीकरणात ही लस देशभर पोचायला 2011 उजाडलं. त्या मावशींच्या वयाच्या कोणाला ती लहानपणी मिळालेली असणं शक्यच नाही.

आता कायदा पाहा. 28 मार्च 2016 चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम. त्यांच्या चौथ्या नियमात रुग्णालय चालवणाऱ्याची कर्तव्यं दिली आहेत. आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि हा कचरा हाताळणाऱ्या इतर सर्वांना हिपॅटायटीस बी आणि धनुर्वातासह अशा आजारांविरुद्ध लस द्यायची. कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून निदान एकदा आरोग्य तपासणी करायची. नियमात ‘इतर सर्व’ आहेत. पगाराच्या पत्रकावर नाव असण्याची अट नाही. ठेकेदाराची माणसं आमची नव्हेत, असं म्हणायला इथे जागाच नाही. कित्येक ठिकाणी हाच नियम उलटा फिरवला जातो. तपासणीचं पथक यायचं झालं की कर्मचाऱ्यांकडे दाखले मागतात: ज्यानं त्यानं आपल्या पैशांनी इंजेक्शन घ्यावं आणि कागद आणून द्यावा. रुग्णालयावरचं बंधन अलगद कामगाराच्या खिशात सरकवलं जातं. अधिकाऱ्याला फाइल पूर्ण दिसते.

यात एक साधी अडचण आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही. या लसीचे तीन डोस असतात: आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर तपासून प्रतिकारशक्ती आली की नाही ते बघायचं असतं. कंत्राट अकरा महिन्यांचं. मध्येच ठेकेदार बदलतो, माणसं एका इमारतीतून दुसरीत जातात, पहिल्या डोसचा कागद जुन्या ठेकेदाराकडे राहतो. तिसऱ्या डोसपर्यंत कोणाची जबाबदारी, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

माझ्या म्हणण्यावरही दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा. 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं देशी बनावटीची हिपॅटायटीस बी लस बाजारात आणली आणि तोवर महाग आयात होणाऱ्या या लसीची किंमत कोसळली. सुई टोचल्यावर लस न घेतलेल्या माणसाला जे इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, ते या तीन डोसांच्या मानानं कितीतरी महाग आहे. शिवाय ते शक्यतो चोवीस तासांत द्यावं लागतं. खर्च वाचवायचा असेल तर लस आधी द्या.

दुसरा आक्षेप असा की नुसती देऊ केल्यानं लोक घेत नाहीत, सक्तीच लागते. अमेरिकेचा 1991 चा नियम याचं उत्तर आहे. रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामगाराला मालकानं नेमणुकीनंतर कामाच्या दहा दिवसांत ही लस मोफत देऊ करायची. कामगाराला नकार देता येतो. मात्र धोका समजून घेऊन नाकारल्याची सही करावी लागते, आणि पुढे मन बदललं तर लस तेव्हाही मोफतच. 1983 ते 1995 या काळात तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमधला हिपॅटायटीस बी सुमारे 95 टक्क्यांनी घटला. सुया हाताळण्याच्या शिस्तीचाही त्यात वाटा आहे. पण कोणाची नोकरी न घेता हे घडलं, हे ‘घ्या नाहीतर जा’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

नकार देणाऱ्याशी बोलून पाहिलं की त्यामागे बहुतेक वेळा सुईची भीती नसते. ताप आला तर उद्याची हजेरी बुडेल, ही भीती असते. त्याहून मोठी भीती लसीआधीच्या रक्ततपासणीची. त्यात आपल्यालाच कावीळ निघाली आणि ऑफिसात कळलं तर? एचआयव्हीसाठी 2017 च्या कायद्यानं नोकरीतल्या भेदभावाला मनाई केली. हिपॅटायटीस बी असलेल्या कामगारापाशी तसं खास कवच नाही. मग तो सुई टोचली तरी सांगत नाही, लस घेत नाही, रक्त देत नाही. कामातून झालेला संसर्ग कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. पण सुई टोचल्याची नोंदच नसेल तर तो आजार वॉर्डातूनच आला, हे कशावरून सिद्ध करणार?

म्हणून माझी मागणी क्रमानं आहे. आधी रुग्णालयानं प्रत्येकाला, कंत्राटी मावशी-मामांसकट, कामाच्या वेळेत मोफत लस द्यावी, ताप आला तर भरपगारी सुट्टी द्यावी, रक्ताचा अहवाल फक्त कर्मचाऱ्याच्या आणि डॉक्टरच्या हातात राहील अशी लेखी हमी द्यावी. हे झाल्यावर ज्या लसीनं समोरचा रुग्ण खरोखर वाचतो, तिथे अट घालावी, आणि ती त्या विभागापुरतीच. नवजात शिशू विभागात गोवराची अट पाळायला कोणी तयार नसेल, तर तिला त्याच पगारावर दुसऱ्या वॉर्डात हलवावं. काढून टाकण्याची भाषा त्यानंतरही मला मान्य नाही. प्रशिक्षित सिस्टर आपल्याकडे इतक्या उदंड नाहीत.

यासाठी नवा कायदा लागत नाही. सफाईची निविदा काढताना दोन ओळी घालायच्या: ठेकेदाराच्या प्रत्येक माणसाची लसनोंद रुग्णालयाकडे राहील आणि ठेकेदार बदलला तरी चालू राहील, पुढचा डोस ज्या महिन्यात येतो, त्या महिन्यात तो दिल्याची नोंद झाल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही. बिल अडलं की मुकादम मावशींना स्वतः लसीच्या खोलीपर्यंत घेऊन येईल.