मागच्या खोलीतलं वायफाय

आमच्या सेलूच्या घरात फायबरचं कनेक्शन आलं तेव्हा राऊटर कुठे लावायचा, हे कोणी कोणाला विचारलं नाही. तार रस्त्याकडून आली, लावायला आलेला पोरगा बैठकीत बसला, तिथेच भिंतीला दोन स्क्रू मारले आणि चहा पिऊन गेला.

आपल्या जुन्या घरांची रचना तुम्हाला माहीतच आहे. रस्त्यावर बैठक, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, आणि अगदी मागे नंतर बांधलेली एखादी खोली. आमच्या जुन्या भागाच्या भिंती दगडमातीच्या, दीड-दोन फूट जाड. त्यात उन्हाळ्याचे चार महिने बैठकीत पत्र्याचा मोठा कूलर, पोटात पाणी भरलेला. जाड भिंत, पत्रा आणि पाणी या तीन गोष्टींसमोर वायफायचं काही चालत नाही. म्हणजे बैठकीत अब्बा, मी आणि पाहुणे यांना पूर्ण सिग्नल. अम्मीला स्वयंपाकघरात कधी आहे, कधी नाही. आणि मागच्या खोलीत बीएस्सीचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीला शून्य.

तिने तक्रार केली नाही. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा होता, तेव्हा बैठकीत पुरुष मंडळी असल्यामुळे ती मधल्या दाराआड उभी राहून फोनवर भरत होती. कागदपत्र अपलोड होता होता तीनदा अडकलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मामू, रात्री सगळे झोपले की बैठकीत बसून भरते ना मी." हे ती सहज म्हणाली, मला मात्र लागलं. दर महिन्याचं बिल सगळ्या घराच्या नावाने भरायचं आणि नेट मात्र बैठकीपुरतं!

माझं म्हणणं सरळ आहे. वायफाय कुठपर्यंत पोचतं हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण आपल्या घरांत पुढची खोली कोणाची आणि मागची कोणाची हे ठरलेलं असतं, त्यामुळे सिग्नलही तसाच वाटला जातो. कोणी मुद्दाम करत नाही. म्हणूनच ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

एका नातेवाइकांनी मला समजावलं की मुलींच्या खोलीत नेट न पोचलेलंच बरं. बैठकीत त्यांचा मुलगा रात्री एकपर्यंत काय पाहतो, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं. केरळात कोळिकोडजवळच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल जमा करण्याचा नियम होता. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढलं. ती केरळ उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९मध्ये न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितलं आणि इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. पुढच्याच वर्षी टाळेबंदी लागली आणि शाळा-कॉलेजं मोबाईलवर आली. तरीही आपल्याकडे हा युक्तिवाद संपलेला नाही.

उपायाचं म्हणाल तर दुकानदाराने मला नवा तीन डब्यांचा मेश संच दाखवला, हजारोंचा. घरी येऊन माळ्यावर चढलो, तर टेलिफोन लाइनवरच्या जुन्या ब्रॉडबँडचा वायफाय मोडेम कापडात गुंडाळून ठेवलेला. अम्मी काही फेकत नाही. इसराफ हा शब्द आम्ही तिच्याकडून पाण्यापासून भाकरीपर्यंत सगळ्यासाठी ऐकलेला.

काम असं असतं. जुन्या डब्याच्या मागच्या बारीक भोकात पिन दहा-पंधरा सेकंद दाबून तो कोरा करायचा. लॅपटॉप केबलने जोडून त्याचं पान उघडायचं. त्याचा पत्ता नव्या राऊटरशी टक्कर होणार नाही असा बदलायचा, नवा १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२. मग डीएचसीपी बंद. डीएचसीपी म्हणजे प्रत्येक फोनला नंबर वाटणारा; एका रांगेला दोघं नंबर वाटू लागले की गोंधळ. मी हे उलट्या क्रमाने केलं, आधी डीएचसीपी बंद केलं, आणि मग लॅपटॉपला पत्ताच मिळेना, पानही उघडेना. पुन्हा पिन, पुन्हा पहिल्यापासून. वायफायचं नाव आणि पासवर्ड पुढच्यासारखेच ठेवले, चॅनल पुढे १ आणि मागे ११. शेवटी नव्या राऊटरच्या लॅन खाचेतून केबल आणून जुन्याच्याही लॅन खाचेतच लावली. टेलिफोनची खाच रिकामीच राहते.

केबल वर्ध्याहून आणली, तयार टोकांची, वीस मीटर. खर्च काय तो एवढाच. ती छतावरून नेऊ नका. एक तर आपल्याकडची वानरं, दुसरं म्हणजे विजा. मी झरोक्यातून, आतून फिरवली. केबलशिवाय रिपीटर म्हणूनही काही राऊटर चालतात, पण त्यात वेग साधारण निम्मा होतो आणि आमच्या भिंतींपुढे तेही टिकलं नसतं.

जुन्या डब्याच्या मर्यादा आहेत. वेग पुढच्यापेक्षा कमी, पण व्हिडिओ लेक्चरला पुरतो. फोन कधीकधी पुढच्याच क्षीण सिग्नलला चिकटून बसतो, वायफाय बंद-चालू करावं लागतं. कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट आता येत नाहीत, म्हणून त्याच्या पानाचा मूळ पासवर्ड बदलला आणि डब्ल्यूपीए-२ लावलं. ज्या डब्यात फक्त डब्ल्यूईपी आहे तो वापरू नये, ते कुलूप कोणीही उघडतं. तसा डबा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. भंगारात दिला तर तांब्यासाठी तारा कुठे तरी उघड्यावर जाळल्या जातात. या धंद्यात आपल्याही समाजातली बरीच माणसं आहेत आणि तो धूर त्यांच्याच लेकरांच्या छातीत जातो.

भाची आता दार लावून मागच्या खोलीत अभ्यास करते. अम्मी स्वयंपाकघरातून थेट आपाला व्हिडिओ कॉल लावते आणि फोन डाळीच्या डब्याला टेकवून पोळ्या लाटते. ते नातेवाईक परवा स्वतःचा जुना राऊटर वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. अडॅप्टर हरवलेला. डब्यावर ९ व्होल्ट लिहिलंय, माझ्याकडे आहेत ते सगळे १२चे. शोधतोय.