थार वाळवंट ‘पडीक’ कुणासाठी?

भूगोलाच्या पुस्तकात वाळवंट म्हटलं की वाळू, उंट आणि ओसाड जमीन. राजस्थानच्या थारमधला आजचा वाद या ‘ओसाड’ शब्दाचाच आहे.

जैसलमेरकडे वर्षाला जेमतेम 200 मिमी पाऊस पडतो. तिथे गुजराण शेतीपेक्षा जनावरांवर जास्त. त्यासाठी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या ‘ओरण’ राखलं. म्हणजे आपलं गायरान आणि देवराई एकत्र. नाव देवाचं, पण चराईला हिंदूंची जनावरं येतात तशी सिंधी मुसलमानांचीही.

आता तिथलं ऊनच दौलत झालंय. भडल्याचा सोलर पार्क 2245 मेगावॅटचा आहे. स्वच्छ वीज हवीच. पण सरकारी दप्तरात अनेक ओरणं ‘पडीक’ आहेत, आणि पडीक जमीन कंपनीला देताना गुराख्याला कोण विचारतो?

18 डिसेंबर 2024 रोजी सुप्रीम कोर्टाने राजस्थान सरकारला ओरणांची मोजणी करून त्यांना वन म्हणून संरक्षण द्यायला सांगितलं. दिलासा मोठा आहे. पण वन झाल्यावर चराईचं काय? 2006 चा वनहक्क कायदा तो हक देतो. मात्र जे आदिवासी नाहीत, त्यांना तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं.

कागद नसले तरी रस्ता बंद नाही. नियमांनुसार गावातल्या बुजुर्गांचा लेखी जबाब, जुनी चराईची जागा, तलाव, कब्रस्तानसुद्धा पुरावा ठरतो. म्हणून बुजुर्ग हयात आहेत तोवर त्यांचे जबाब ग्रामसभेत नोंदवून घेणं, हेच आज थारमधलं सगळ्यात तातडीचं काम आहे.